पावडर कोण भरतं?

तूरडाळ दोन शिट्ट्यांत शिजली तरी तक्रार येते आणि चार शिट्ट्यांत शिजली नाही तरी येते, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळलं. निवृत्त होईपर्यंत मी डोंबिवलीतल्या एका ग्राहक संस्थेत खरेदी बघत होते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून एक गट करायचा आणि महिन्याचं वाणसामान एकत्र मागवायचं. संस्था ते घाऊक बाजारातून किंवा थेट बनवणाऱ्याकडून आणते, टेम्पोने गटातल्या एका घरी उतरवते आणि गटातल्या बायका ते आपसांत वाटून घेतात. मधला नफा वाचतो, माल चोख मिळतो. पण तो चोख आहे की नाही हे आधी कोणीतरी जाऊन बघावं लागतं. ते काम माझं. मिरची हुंगायची, शेंगदाणा चावून बघायचा, रवा तळहातावर चोळायचा आणि भावासाठी घासाघीस करायची.

सभासद तऱ्हेतऱ्हेचे. एक निवृत्त गृहस्थ दर महिन्याला साबुदाणा भिजवून त्यातले न फुललेले दाणे काडेपेटीत घालून मला दाखवायला आणत. एका बाईंनी मेथ्या पुरेशा कडू नाहीत म्हणून परत केल्या होत्या. मी या लोकांवर वैतागायचे, आणि नातेवाइकांत बसले की त्यांच्याच गोष्टी कौतुकाने सांगायचे. आमच्याकडे डोळे मिटून कोणी काही घेत नाही, असं मी म्हणायचे.

भाव, वजन आणि भेसळ, एवढं आम्ही बघत होतो. वस्तू तयार करणाऱ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला कधी पडला नव्हता. मला तो पडला भांडी घासायच्या पावडरीमुळे, आणि तेव्हा जी भीती मनात शिरली ती अजून पुरती निघालेली नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सामानात एक पांढरी, लिंबाच्या वासाची पावडर असायची. स्वस्त, आणि करपलेली कढईसुद्धा लख्ख करणारी. शहाडच्या बाजूला एका गाळ्यात ती तयार व्हायची. गाळा दळवी नावाच्या गृहस्थांचा. बोलायला गोड, माल वेळेवर देणारे. वर्षातून एकदा मी कळवून तिथे जायचे. तेव्हा फरशी धुतलेली असायची, कामाच्या बायका स्वच्छ ॲप्रन घालून बसलेल्या असायच्या आणि दळवी मला काचेच्या केबिनमध्ये बसवून कोकम सरबत द्यायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका पुडीत खिळा निघाला. सभासद बाईंच्या बोटाला चांगलाच लागला. दळवी फोन उचलेनात, आणि दिवाळीच्या मालाची ऑर्डर तर द्यायची होती. म्हणून मी न कळवताच गेले.

गाळ्याबाहेर बदामाचं झाड होतं. पावसाने काही दिवस उघडीप दिली होती तेवढ्यात त्याची पानं पांढरी झाली होती. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले आणि तिथेच थांबले, कारण समोरचं काही दिसेना. खिडक्यांना गोणपाट बांधलं होतं. एका फटीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात धूळ इतकी दाट होती की हात घातला तर अडेल असं वाटावं. जरा वेळाने बायका दिसल्या. जमिनीवर ढिगाभोवती बसून डब्याने पुड्या भरत होत्या. केस, भुवया, पापण्या, हातातल्या बांगड्या, सगळं पांढरं. तोंडाला ओढणी नाहीतर पदर. एकीने माझ्याकडे बघून पदर खाली ओढला आणि ती काहीतरी बोलली, तेव्हा त्या पांढऱ्या चेहऱ्यात तिच्या तोंडाचा लाल रंग एकदम दिसला.

ती म्हणत होती, "ताई, तोंडावर पदर घ्या. आत जातंय."

मी घेतला, पण तोवर दोन-चार श्वास घेऊन झाले होते. जिभेवर साबणाची चव आली आणि दातांखाली कचकच लागली. तेवढ्यात दळवींचा मुकादम धावत आला. शेठ गावी गेलेत म्हणाला, खिळ्याबद्दल माफी मागितली आणि बोलत बोलत मला बाहेर घेऊन आला. त्याला मी चार प्रश्न विचारायला हवे होते. पण मला त्या क्षणी फक्त बाहेरची हवा हवी होती.

नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते तेव्हा ती मघाची बाई मागून आली. बाथरूमला जाते सांगून निघाली होती. रंजना तिचं नाव. वय तिशीच्या आसपास, माहेर-सासर दोन्ही राजापूरकडचं, राहायला डोंबिवली पश्चिमेला कोपरला. गाळ्यापासून नाका काही लांब नव्हता, तरी तिला बोलायच्या आधी विजेच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं.

तिने सांगितलं ते असं. तिची थोरली जाऊ याच गाळ्यात कामाला होती, तिनेच हिला इथे आणलं. जावेला खोकला लागला, अंग उतरलं. टीबी म्हणून औषधं झाली, गुण येईना म्हणून पुन्हा झाली, आणि मागच्या वर्षी ती गेली.

"मला टीबी नाही, ताई. थुंकी परत परत तपासली," रंजना म्हणाली. "पण मला तिच्यासारखंच होतंय. तसंच, त्याच क्रमाने. तुमच्या ओळखीत कोण डॉक्टर असेल तर बघा ना. आणि माझं नाव नका काढू कुठे. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. माझं गेलं तर घरच बसेल."

मी तिला फोन नंबर दिला. ती परत निघाली तेव्हा तिच्या पायांचे पांढरे ठसे रस्त्यावर उमटत गेले.

ठाण्यातले एक छातीचे डॉक्टर आमचे सभासद होते. पुढच्या रविवारी मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी आधी आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. तिने आणलेला छातीचा एक्स-रे फोटो काचेवर लावला, बराच वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, "काम काय करता?"

ती म्हणाली, "पावडर भरते. भांड्यांची."

त्यांनी मान डोलावली, जणू हेच उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी आम्हा दोघींना समजेल असं सांगितलं. ही पावडर म्हणजे बरीचशी गारगोटी, बारीक दळलेली. जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात, घशात अडकते, खोकून बाहेर पडते. जी दिसत नाही ती पार खोल जाते आणि फुफ्फुसात रुतून बसते. तिच्याभोवती व्रण धरतात. काम सोडलं तरी ते व्रण वाढू शकतात. त्यावर औषध नाही. टीबीसारखं दिसतं म्हणून पुष्कळदा टीबीचीच औषधं दिली जातात, आणि अशा माणसाला टीबीही लवकर धरतो.

"मग बरं कधी होणार?" रंजनाने विचारलं.

डॉक्टरांनी फोटो काढून पाकिटात घातला. "उद्यापासून त्या धुळीत जाऊ नका," ते म्हणाले. "जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवू."

मी घाबरत विचारलं की आमच्याकडे घरोघरी हीच पावडर आहे, त्याचं काय. ते म्हणाले, ओल्या भांड्यावर चिमूटभर घेऊन घासणाऱ्याला फारसा धोका नाही. धोका दगड दळणाऱ्याला, पावडर कोरडी मिसळणाऱ्याला आणि भरणाऱ्याला. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. पण शेजारी रंजना पाकीट छातीशी धरून बसली होती, आणि माझ्या ओट्यावरची पुडी मला काही करणार नाही हे तिच्यासमोर ऐकताना मला जागेवरून उठून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. मी फोन केला तर म्हणाली, "दिवाळी होऊ दे ताई, मग बघते."

त्या दिवसांत मी घरात कोणी खोकलं तरी दचकायचे. आम्ही तेव्हा कोपरीला राहत होतो, ठाणे पूर्वेला. घरात मी, माझा नवरा अरविंद, सासूबाई आणि बारावीतली मुलगी मुक्ता. मुक्ताला साधी सर्दी झाली तरी मी तिच्या छातीला कान लावायला धावायचे. ती वैतागायची. ओट्यावरची पावडरीची पुडी मी उचलून माळ्यावर ठेवून दिली. ती टाकली की केराच्या गाडीवाल्यावर उडेल, अशी काहीतरी भीती मनात बसली होती.

संस्थेच्या अध्यक्ष तेव्हा केतकरबाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, शिस्तीच्या. त्यांना मी रंजनाचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एका बाजूचं ऐकून आपण निर्णय घेत नाही. त्यांनी दळवींना फोन लावला आणि तुमच्याकडे धूळ फार असते असं कानावर आलंय, खुलासा करा, असं सांगितलं.

खुलासा माझ्या घरी आला. दोन-तीन दिवसांनी मी कामावरून परतले तर दाराशी पुरुषाच्या चपला. आत दळवी कोचावर बसले होते. सासूबाईंनी त्यांना चहा दिला होता आणि दोघांच्या गावाकडच्या गप्पा रंगल्या होत्या. टीपॉयवर मिठाईचा मोठा खोका. माझा घरचा पत्ता मी त्यांना कधी दिला नव्हता.

"या ताई," ते म्हणाले, जणू घर त्यांचंच. "म्हटलं, दिवाळीच्या आधी एकदा घरच्यांना भेटून यावं."

मग ते माझ्याशीही तसंच गोड बोलले. धंद्यात थोडीफार धूळ असतेच, पिठाच्या गिरणीत नसते का. बायका स्वतःहून काम मागायला येतात, आपण कोणाला बांधून ठेवलेलं नाही. तुमच्या संस्थेने माल बंद केला तर मला बाकीची गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत, पण बायका कमी कराव्या लागतील, त्यांचा तळतळाट कोणाला लागेल. हे सगळं हसतमुखाने. सासूबाई मान डोलावत होत्या.

उठताना त्यांनी भिंतीवरच्या मुक्ताच्या फोटोकडे पाहिलं.

"खोपटला क्लासला जाते ना ही? एसटी डेपोच्या मागे. सुटायला अंधार पडतो हो. त्या बाजूला गाड्या फार जोरात असतात. सांभाळा."

एवढंच बोलले. नमस्कार करून, चपला घालून, शांतपणे जिना उतरून गेले. सासूबाई म्हणाल्या, किती सज्जन माणूस आहे. मी दार लावून कडी घातली आणि कडीवरचा हात काढताच येईना. घड्याळ बघितलं. मुक्ता सुटायची वेळ झाली होती. रिक्षा करून खोपटला गेले. डेपोतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक एसटीच्या दिव्यांत मला तीच दिसत होती. ती मैत्रिणींबरोबर हसत क्लासच्या जिन्यावरून उतरली आणि मला बघून तिचा चेहरा पडला. मैत्रिणींसमोर आई न्यायला आलेली कोणत्या मुलीला आवडेल?

अरविंदने सगळं ऐकून घेतलं. तो स्वभावाने भिडस्त. म्हणाला, "शैला, तू पोलिसांत काय सांगणार? की एक माणूस मिठाई घेऊन आला आणि मुलीला सांभाळा म्हणाला?" ते खरंच होतं. मग म्हणाला, "सोड हे प्रकरण. पावडर बंद करायचीच तर कारण सांगू नका, गुपचूप बंद करा." दुसऱ्या दिवसापासून तो कामावरून थेट खोपटला जाऊन मुक्ताला घेऊन यायला लागला. तिला आम्ही आठवड्याभरात खरं कारण सांगितलं. त्यानंतर एकटी यायचा हट्ट तिने धरला नाही.

गुपचूप बंद करावं, हे मलाही पटायला लागलं होतं. तेवढ्यात रंजनाचा फोन आला. तिला आणि तिच्याबरोबरच्या दोघींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. बाहेरच्या बाईशी नाक्यावर कोण बोलत होतं, हे मुकादमाला कळलं होतं. हिचं घर माझ्यामुळे बसलं, आता ही मला काय बोलेल, याचीच मी वाट बघत होते.

ती म्हणाली, "ताई, आता माझं नाव सांगा. काम तर गेलं, आता कसली भीती?"

संस्थेच्या बैठकीला ती आली. मी स्टेशनवरून तिला हळूहळू आणलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं आणि प्रत्येक जिन्यावर तिला बसावं लागलं. दळवीही येऊन बसतील अशी मला धास्ती होती. दाराचा आवाज झाला की मी वळून बघायचे. ते आले नाहीत.

बैठकीत बरीच चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, हे सरकारचं काम आहे, आपण अर्ज करू. केतकरबाई म्हणाल्या, अर्ज करूच, पण तपासणीची खबर आधी लागते आणि फरशी धुतली जाते, हे शैला सांगतेच आहे. दुसरे म्हणाले, उद्या प्रत्येक वस्तूच्या मागे असं काहीतरी निघेल, आपण काय काय बंद करणार? त्यांचंही चुकीचं नव्हतं. मला स्वतःलाही तोच विचार छळत होता. अगरबत्ती कोण वळतं, काजू कोण सोलतं, फटाक्यांची दारू कोण भरतं. एक दार उघडलं तर पुढे किती निघतील.

मग केतकरबाईंनी रंजनाला काही सांगायचंय का विचारलं. ती उभी राहायला लागली, त्यांनी खुणेने बसवलं.

"पावडर चांगली आहे तुमची," ती म्हणाली. "कढई एकदम साफ निघते. मी पण घरी तीच वापरायची." मग तिला खोकला आला आणि तो लवकर थांबेना. सगळे खाली बघत बसले. पाणी पिऊन ती पुढे म्हणाली, "फक्त ती भरायला माणूस लागतो."

पावडर बंद झाली. त्याआधी दळवींना रीतसर सांगितलं की गारगोटी बदला, मिश्रण ओलं करून वडी पाडा, धूळ ओढणारा पंखा लावा, आम्ही थोडा जास्त भाव देऊ. त्यांनी उत्तर दिलं नाही. अर्जाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. दळवी पुन्हा माझ्या दारात आले नाहीत, फोनही आला नाही. पण त्यानंतर कित्येक महिने बेल वाजली की मी आधी दाराच्या भोकातून बघायचे, आणि दिवेलागणीला मुक्ता घरात दिसेपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही. कदाचित त्यांच्या मनात खरंच काही नसेल. हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ते ठरवता येऊ नये असंच ते बोलले होते.

आता पावडरीऐवजी काय? कल्याणमधले एक वयस्क साबणवाले खडूच्या भुकटीची ओली वडी करायचे. ती बघायला मी न कळवता गेले, आणि तिथला सगळा वेळ मी हवेत काही तरंगतंय का तेच बघत होते. फरशी ओली होती, माल ओला होता, कवडशात काही दिसलं नाही. तुम्ही ठरावीक माल उचललात तर मी तीन बायका ठेवतो, असं ते म्हणाले. रंजना आणि त्या दोघी वड्या कापून कागदात गुंडाळायच्या कामाला लागल्या.

खरी लढाई गटांत झाली. वडी पावडरीपेक्षा थोडी महाग आणि पाण्यात राहिली तर विरघळणारी. मी गटागटांत जाऊन रंजनाची गोष्ट सांगायचे. ऐकताना बायकांचे डोळे भरून यायचे आणि मग कोणीतरी विचारायचं, पण कढई निघते का? मी कधी चिडले नाही, कारण प्रश्न रास्त होता. डोंबिवलीच्या एका गटात एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे भांडी मी कुठे घासते? मालूताई घासतात. त्यांना पटलं नाही तर त्या काम सोडतील, मग मी काय करू?" शेवटी मालूताईंनाच बोलावलं. पन्नाशीच्या, खमक्या बाई. त्यांनी वडी हुंगली, नखाने खरवडली, घरातली सगळ्यात काळी कढई मागवली. काथ्या मागितला, तो त्या घरात नव्हता, शेजारून आणला. घासून झाल्यावर म्हणाल्या, "निघतं. पण करपलेलं असेल तर रात्रीच गरम पाणी आणि खायचा सोडा घालून ठेवायचं. सकाळी माझ्यासमोर कोरडं ठणठणीत ठेवायचं नाही." गटाने ते मान्य केलं. पुढे इतर गटांत जाताना मी मालूताईंचा निरोप घेऊन जायचे आणि तो माझ्या भाषणापेक्षा जास्त चालायचा.

काही कुटुंबं संस्था सोडून गेली. बाकीची राहिली. सगळं एकदम बदलायचं नाही, एका सणाला एकच वस्तू बदलायची, आणि परवडेल तेवढंच, असं आम्ही ठरवलं. पुढच्या वर्षी अगरबत्ती घेतली, मग कापडी पिशव्या. प्रत्येक वेळी कारखान्याच्या दारात आत काय दिसेल याची भीती वाटायची, आणि एकदा दिसलं की घरी येऊन पूर्वीसारखं राहता येत नाही हे माहीत झालं होतं. काही ठिकाणी सगळं ठीक निघालं. काही ठिकाणी नाही, आणि तिथे आम्हाला काही करता आलं नाही. तेही सांगायला हवं.

रंजना वड्यांच्या कामावर दोनेक वर्षं टिकली. मग तिला बसूनही दम लागायला लागला. मी कोपरला तिच्या घरी जायचे तेव्हा ती उशांचा ढीग करून त्याला टेकलेली असायची. आडवं झोपता येत नव्हतं. एकदा मला म्हणाली, "मुलगी विचारते, आई तू एवढ्या जोरात श्वास का घेतेस. तिला काय सांगू?" ती गेली तेव्हा मुलगी चौथीत होती. तिच्याबरोबर गाळ्यातून काढलेल्या त्या दोघींपैकी एकीला पुढे तसाच खोकला सुरू झाला. दुसरी अजून बरी आहे, दर वर्षी फोटो काढते आणि फोटो काढायच्या आधी मला फोन करते.

मी निवृत्त झाले, अरविंदही. मुक्ताचं लग्न झालं, घोडबंदर रोडला तिने फ्लॅट घेतला आणि या वर्षी नवं स्वयंपाकघर करायला काढलं. ओट्यासाठी तिने पांढरा शुभ्र दगड निवडला. डाग पडत नाही, चरा उठत नाही, दिसायला सुंदर. बसवायच्या दिवशी मी तिच्याकडे निघाले. रिक्षातून उतरून सोसायटीच्या फाटकात पाऊल टाकलं आणि थांबले. पार्किंगच्या कोपऱ्यात मशीनचा कर्कश आवाज चालू होता आणि तिथे पांढरा ढग उभा होता. दोन कारागीर, दोघांच्या तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या. बाजूच्या कुंडीतली पानंही.

वर जाऊन मुक्ताला विचारलं, हा दगड कशाचा? तिने सहज सांगितलं, क्वार्ट्झ आहे आई, कृत्रिम, पण जवळजवळ सगळा क्वार्ट्झच. म्हणजे गारगोटी. मुक्तालाही बोलता बोलता कळलं आणि ती खुर्चीत बसली. म्हणाली, "आता तर दगड येऊन पडलाय. आता काय करायचं?"

आम्ही दोघी खाली गेलो. मोठ्या कारागिराला विचारलं की हे पाणी घालून कापता येत नाही का. त्याने पिशवीतून मशीनला जोडायची नळी काढून दाखवली. येतं की, म्हणाला, पण चिखल होतो आणि सोसायटी ओरडते. वॉचमनने सेक्रेटरींना बोलावलं. ते म्हणाले, गाड्यांखाली पांढरं पाणी गेलं की मेंबर माझ्या घरी येतात. मी त्यांना सांगितलं, सगळं पार्किंग मी स्वतः धुऊन देते. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत फरशी स्वच्छ दिसली पाहिजे म्हणून निघून गेले.

नळी लागली. आवाज तोच राहिला, पण ढग खाली बसला आणि दुधासारखं पाणी गटाराकडे वाहायला लागलं. काम दुपारी संपायचं ते संध्याकाळपर्यंत गेलं. मुक्ताने दोघांना जास्तीच्या वेळाचे पैसे दिले, आणि आम्ही मायलेकी खराटा आणि बादल्या घेऊन फरशी धुवायला लागलो. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

मोठ्या कारागिराने तोंडावरचा रुमाल सोडून चूळ भरली. चाळिशीचा असेल. मी त्याला विचारलं, या दगडाच्या कामात किती वर्षं झाली? बरीच झाली, म्हणाला. पुढचं विचारावं की नाही, ते मला कळेना. उत्तर ऐकायची तयारी नव्हती. तरी विचारलं.

"खोकला येतो का?"

तो रुमालाची घडी घालता घालता थांबला. आधी दुसऱ्या कारागिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थोडा थोडा," तो म्हणाला.